बाटलीतला खडा

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! आमचे दाजी माझ्यापायी मरता मरता वाचले. मी काय केलं होतं? एक खडा उचलून बाटलीत घातला होता, बस.

झालं असं, की त्या वर्षी माझ्या मूत्रमार्गात खडा अडकला. कळा अशा, की मी फरशीवर गडाबडा लोळायचो. शेवटी जालन्याहून पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घातली, लेझर मारला आणि खड्याची पूड केली. ती लघवीतून वाहून गेली. चिरलं नाही, टाका नाही, तिसऱ्या दिवशी मी घरी.

इथंच घोटाळा झाला. आपल्याकडे खड्याच्या पेशंटला भेटायला लोक येतात, ते काय पेशंटला बघायला येतात? खडा बघायला येतात! डॉक्टरांनी खडा बाटलीत घालून द्यायचा, ती बाटली टीव्हीवर ठेवायची आणि आल्यागेल्याने हलवून बघून 'अरे बापरे' म्हणायचं, हा आमच्याकडचा रिवाज. माझ्याकडे दाखवायला फक्त डिस्चार्जचा कागद होता.

"खडा कुठाय?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"फुटला. वाहून गेला."

"मंग टाके दाखवा."

"टाके नाहीत."

"मंग पुण्याला जाऊन करून काय आले तुम्ही?"

आठवडाभर हेच. बायकोसुद्धा संशयाने बघायला लागली. एवढं दुखणं सोसायचं आणि वर खोटं ठरायचं! खरं सांगतो, एकदा न्हाणीघरात जाऊन रडलो मी.

मी एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. बियाणं साफ करायच्या मशीनमधून निघालेल्या खड्यांचा तिथं ढीग पडतो. कामावर रुजू झालो त्या दिवशी त्या ढिगापाशी उकिडवा बसलो. आधी ज्वारीएवढा खडा उचलला. मग वाटलं, एवढ्या बोंबा मारल्या त्या ज्वारीएवढ्यासाठी? शेवटी बोराएवढा, काळपट, चांगला टोकदार निवडला. धुतला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि बाटली टीव्हीवर ठेवली.

काय मान वाढला म्हणता! काका स्वतः माणसं घेऊन यायला लागले. बायकोने पुन्हा मऊ भात सुरू केला.

आणि मग दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजूरला शेती, सापाला न भिणारा माणूस. पण त्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि पुण्याच्या त्याच दवाखान्यात तो लेझरने फोडायचा ठरला होता. दाजी मनातून घाबरले होते, म्हणून अक्का त्यांना धीर द्यायला माझ्याकडे घेऊन आली होती.

दाजींनी बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"सुधाकरराव, हा तर सबंध हाये."

"हो."

"म्हंजे लेझरनं फुटला न्हाई?"

समोर काका बसलेले. खरं बोलावं तर आठवडाभराची अब्रू काकांच्या समोर जाणार. मी म्हणालो, "नाही फुटला दाजी. लई कठीण होता. तसाच ओढून काढला."

"त्याच वाटेनं?"

"त्याच."

दाजींनी खड्याच्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि बाटली हळूच जागेवर ठेवली.

पुण्याची तारीख आली तसे ते अडून बसले. "मी बिलकुल येणार न्हाई. सुधाकररावाचा फुटला न्हाई, मंग माझा काय फुटतो?" काविळीचा झाडपाला सुरू झाला. पंधरा दिवसांनी अक्काचा फोन आला. ती नुसतीच रडत होती. मी राजूर गाठलं.

दाजी खाटेवर पडलेले. खाजवून खाजवून अंगाची सालटं निघालेली. ते बघून माझी सगळी अब्रू गळून पडली.

"दाजी, तो खडा खोटा होता. कारखान्यातला. माझा खरंच लेझरने फुटला."

दाजी अक्काकडे वळले. "तू शिकवून आणलं व्हय यांना?"

"आईची शपथ, दाजी!"

"आम्ही डोळ्यानं पाह्यलाय तो खडा. माझ्या जिवासाठी सोताचा खरा खडा खोटा म्हणून राह्यले तुम्ही! एवढी माया नका करू, सुधाकरराव."

माया! घ्या! त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्काला मात्र माझं तोंड बघूनच सगळं कळलं.

तिसऱ्या दिवशी दाजींना थंडी वाजून सणकून ताप भरला आणि शुद्ध गेली. आता नकार द्यायला ते भानावरच नव्हते, तेव्हा आम्ही जीप करून त्यांना पुण्याला नेलं. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टर ओरडले. ताप उतरवायलाच त्यांना आठवडा लागला, मग दाजी ग्लानीत असतानाच लेझर मारला. खडा फुटला, तुकडे आतड्यात उतरून गेले.

शुद्धीवर आलेल्या दाजींनी पहिलं काय विचारलं असेल?

"खडा कुठाय?"

"फुटून गेला, आता काय दाखवू?" डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठे दाजींना माझं पटलं.

वाचले, पण निम्मे होऊन घरी आले. बैल धरणारा माणूस, पुढे शेतात काठी टेकत जायचा. ते बघितलं की मला अजूनही जेवण जात नाही.

घरी आल्यावर अख्खं राजूर भेटायला लोटलं. मीही कोपऱ्यात बसलो होतो. एका म्हाताऱ्याने विचारायचं तेच विचारलं, "खडा दाखव की रे."

दाजींनी वाळलेला हात माझ्याकडे केला.

"हे माझे मेव्हणे. केवढा पाह्यजे तेवढा सांगा, कारखान्यातून आणून देतेत."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, काय करता! तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. तिने सगळ्यांना एकेक कप दिला, माझ्यासमोरून गेली, आणि शेवटचा कप स्वतः पिऊन टाकला.