सातवा टॅब

दुपारी डोळा लागला की अजूनही तो आवाज ऐकू येतो. ना बाईचा ना पुरुषाचा, सपाट, थोडा नाकातला. 'क्लिक हिअर. क्लिक हिअर. क्लिक हिअर.' नव्वदचं दशक सरत आलं होतं. श्रीरामपुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि एका संस्थेची इंग्रजी वेबसाइट मी बनवली होती. तिच्यावर मी भलतीच खूश होते.

राहात्याजवळच्या खेड्यातले एक अंध गृहस्थ दर आठवड्याला एसटीनं क्लासमध्ये येत. पुण्याहून टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करून आलेले. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ते सीडीवर घेऊन यायचे. फुकटचा तो, चाळीस मिनिटांत गप्प व्हायचा. मग मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर वास येई, पंखा कुरकुरे आणि आम्ही दोघं अर्धवट झोपेत असल्यासारखे त्या आवाजाची वाट बघत बसायचो. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

संस्थेत ऑपरेटरची जागा निघाली होती आणि यांनी अर्ज केला होता. मुलाखतीची तारीख वेबसाइटवर लागणार होती. यादीत प्रत्येक पदापुढे मी एकच लिंक चिकटवली होती, 'क्लिक हिअर'. आतल्या पानावर नुसती तारीख आणि वेळ. डोळस माणूस शेजारचं पद बघून दाबतो. हे गृहस्थ टॅबची कळ दाबत एका लिंकवरून दुसरीवर जायचे, त्यामुळे पदाचं नाव त्यांच्या कानावर यायचंच नाही.

"मॅडम, समदे दरवाजे सारखेच हायेत की. घर कुनाचं, काय कळंना."

"मी वाचून दाखवते ना, भाऊ."

"न्हाई. नोकरीत कोन वाचून दाखवनार हाय?"

मग त्यांनी सबंध पान एकदा ओळीनं ऐकलं आणि मोजून ठेवलं. ऑपरेटर सातवा. दर खेपेला सात टॅब. चाललंय ना, मग कशाला बदलायचं, असं मी मनाशी म्हटलं. आळसाला कारणं काय, पैशाला पासरी.

पुढे संस्थेनं दोन नवी पदं कळवली. नवं ते वर, म्हणून मी ती यादीच्या डोक्यावर टाकली. पाचवा ड्रायव्हर सरकून सातवा झाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. तारखा लागल्या तेव्हा त्यांनी नेहमीसारखे सात टॅब मोजले आणि तारीख ऐकून घेतली.

एका गुरुवारी ते इस्त्रीच्या शर्टात आले.

"ड्रायव्हरची मुलाखत हुती, मॅडम. मला बघून लई हसले लोक."

तेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे बसून मी प्रत्येक लिंकमध्ये त्या त्या पदाचं नाव घातलं. ते टॅब दाबत गेले. क्लार्क इंटरव्ह्यू. ड्रायव्हर इंटरव्ह्यू. त्यांचा चेहरा खुलत गेला. ऑपरेटर येताच बोट थांबलं, न मोजता. त्यांनी एंटर दाबलं.

'मंडे, टेन ए. एम.'

सोमवार होऊन तीन दिवस झाले होते.

"ही तारीख कुनी टाकली हुती?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच," मी म्हणाले.