अकराची मुलाखत

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याचं भांडार सांभाळलं. घरातही प्रत्येक वस्तूवर त्यांची चिठ्ठी: डब्यांवर, किल्ल्यांवर, छत्रीच्या मुठीवरसुद्धा. ताई म्हणते, "मीच तेवढी राहिलेय चिठ्ठीवाचून."

कारखाना बंद पडला आणि आठ महिने भाऊजी घरातल्या घरात येरझारा घालत राहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका गोदामाने मुलाखतीला बोलावलं, तेही लॅपटॉपवरून. साठ्याचा तक्ता साहेबांसमोर भरून दाखवायचा होता, त्यामुळे फोन कुचकामी. वेळ सकाळी अकराची. सव्वादहाला ताईचा फोन आला, "लवकर ये. वायफाय लागत नाहीये आणि यांनी लॅपटॉप उघडून ठेवलाय."

मी पोचलो तेव्हा दहा वर्षांचा तो लॅपटॉप टेबलावर पालथा होता. स्क्रू कागदावर ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली आकडा. भाऊजींच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला पायजमा.

"वायफायचं सॉफ्टवेअर, तो ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला," ते म्हणाले. "दोनदा बंद करून चालू केला. कार्ड दिसतंय, पण नेटवर्क एकही दाखवत नाही. काल सकाळी चालत होता रे!"

वायरलेस कार्ड त्यांनी खाचेतून काढलं, पुसलं, परत बसवलं. त्यावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक वायरी दाबून बसवायच्या होत्या. पांढरी बसली. काळी निसटली. पुन्हा निसटली.

"मी बसवू का?"

"तू आधी घड्याळाकडे बघायचं थांब."

वायर एकदाची बसली. झाकण न लावताच लॅपटॉप सुलटा केला. दहा पन्नास. नेटवर्क नाहीच.

भाऊजी खिडकीपर्यंत गेले, परत आले. "आठ महिन्यांनी एक बोलावणं आलं, तेही हातचं जाणार."

"काल सकाळनंतर काय केलंत याला?"

"काही नाही. पुसला. नाव-नंबराची चिठ्ठी लावली. मुलाखतीचा दिवस, वस्तू नीटनेटकी नको?"

"कुठे लावली?"

समोरच्या कडेवर, अगदी सरळ रेषेत. मी बोट फिरवलं तर चिठ्ठीखाली काहीतरी उंच लागलं. भाऊजींनी नखाने ती ओरबाडून काढली. खाली वायरलेसचं सरकतं बटण होतं, चिठ्ठी दाबून बसवताना बंद झालेलं. सरकवताच निळा दिवा लागला.

दहा सत्तावन्न. अकराला मुलाखत सुरू झाली तेव्हा ताई आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. साहेबांनी विचारलं, "भांडारात नवा माणूस आला तर पहिल्यांदा काय सांगाल?"

भाऊजी म्हणाले, "चिठ्ठी लावण्याआधी खाली काय आहे ते बघ म्हणेन."

साहेब हसले. ताईने माझं मनगट धरलं, "हसले म्हणजे चांगलं ना रे?"

चार दिवसांत कळवू म्हणालेत. आज तिसरा दिवस. भाऊजी तासातासाला ती कड चाचपून बटण जागेवर आहे ना ते बघतात.