कल्तूमाच्या कार्डावरचा इद्रिस

कल्तूमाच्या तोंडाला लागू नये, हे अद्रेच्या निर्वासित छावणीत पोरासोरांनाही कळतं. ज्वारीच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की ती त्याच्या तीन पिढ्या काढते. वाटप करणाऱ्या परदेशी साहेबालाही सोडत नाही. "काय रे, माप घरून येताना वाटेत चेपलं का?" असं ती आमच्या मसालित बोलीत विचारते. साहेब माझ्याकडे बघतो आणि मी फ्रेंचमध्ये सांगतो, बाई आपले आभार मानताहेत. माझं कामच ते. सीमेपलीकडे आमच्या जिनैना शहरात मी शाळामास्तर होतो, इथे दुभाषा आहे.

जिनैनाच्या बाजारात ती शेंगदाण्याचं तेल विकायची. लढाई आमच्या वस्तीत शिरली त्या जूनमध्ये तिच्या नवऱ्याला दारातच गोळ्या घातल्या. दोन मुली आणि कडेवर सात महिन्यांचा इद्रिस घेऊन ती अद्रेकडे निघाली. रस्ता एका दिवसाचा, पण लपतछपत तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी उन्हानं आणि तहानेनं इद्रिस गेला. तिनं आणि थोरल्या मुलीनं हातांनी वाळू उकरून त्याला बाभळीखाली पुरलं. हे ती मला एकदाच बोलली, तेही दुसरीकडे बघत.

तिसऱ्या दिवशी कोरड्या नदीच्या पात्रात पळणाऱ्या माणसांवर गोळीबार झाला. तिच्यापुढची एक बाई पालथी पडली. पाठीला फडक्यात बांधलेलं मूल रडत होतं, बाई हलत नव्हती. कल्तूमानं तिला दोन हाका मारल्या, तिसरी मारायला वेळ नव्हता. तिनं फडक्याची गाठ सोडली, मूल काढलं आणि पळत सुटली. सीमा ओलांडल्यावर पहिल्या झाडाखाली बसून तिनं त्याला पाजलं. छाती दुधानं ठणकत होती आणि पिणारा बाभळीखाली होता.

आमच्यात एकदा दूध पाजलं की तो मुलगाच. पाजणारीच्या मुली त्याच्या सख्ख्या बहिणी होतात, त्यांच्याशी पुढे त्याचं लग्न होत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण नोंदणीच्या टेबलावरच्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी होत्या: मूल स्वतःचं की दुसऱ्याचं. दुसऱ्याचं म्हटलं की मूल वेगळ्या तंबूत जायचं आणि त्याचा फोटो हरवलेल्यांच्या फळ्यावर लागायचा. सगळ्या छावण्यांत तसे फळे होते. रांगेत मात्र कुजबुज अशी, की त्या तंबूतली पोरं विमानानं परदेशात नेतात.

"मूल कुणाचं?" मी विचारलं.

"मी पाजतेय, मग कुणाचं असेल?" ती म्हणाली.

मी हळूच विचारलं, "पोटचं आहे का, कल्तूमा?"

"मास्तर, तुम्ही कुठले? फ्रान्सचे का? दूध कळत नाही तुम्हाला?"

मी मान वळवून टेबलामागच्या गोऱ्या मुलीला सांगितलं, "तिचा मुलगा आहे." नाव विचारल्यावर कल्तूमा म्हणाली, "इद्रिस." त्या क्षणी मला बरंही वाटलं, की निदान एका बाबतीत या लोकांच्या चौकटीला आपण आपल्या रीतीनं उत्तर दिलं. मी मूर्ख होतो. रीत आमची खरी होती, पण फळ्यावर जो एक फोटो लागायला हवा होता तो माझ्यामुळे लागला नाही.

दोन वर्षं गेली. इद्रिस चालायला लागला, बोलायला लागला, बहिणींच्या ताटातली असीदा, ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, पळवायला लागला. धान्य आधी पाऊण झालं, मग निम्मं. साहेब दर वेळी सांगायचा, देणाऱ्या देशांकडून पैसा आला नाही. त्यांचं लक्ष दुसऱ्या युद्धांकडे गेलं होतं. कल्तूमा वाळवलेल्या भेंडीच्या कालवणात पाणी वाढवत गेली आणि स्वतः शेवटी जेवायला लागली.

मग मला दुभाष्याच्या कामासाठी उत्तरेच्या छावणीत पाठवलं. तिथल्या फळ्यासमोर एक लंगडी बाई उभी होती. नाव सुलाफा. तिथले लोक तिला फळ्यावालीच म्हणत. ती फोटोंतले चेहरे बघत नव्हती, डावे हात बघत होती.

"माझ्या नूरैनला करंगळीच्या बाजूला अजून एक बोट आहे," तिनं मला सांगितलं. "नदीत मला मांडीत गोळी लागली. शुद्धीवर आले तर पाठीवर फडकं होतं, पोर नव्हतं. कोल्ह्यानं नेलं असतं तर गाठ सुटली नसती ना, मास्तर? कुणीतरी सोडलीये ती."

इद्रिसचं ते सहावं बोट मी शंभरदा बघितलं होतं. तिला मी काहीच बोललो नाही. परत येऊन आठ दिवस कल्तूमालाही बोललो नाही. नवव्या दिवशी सांगितलं, तेव्हा तिनं असीदा घोटायची काठी माझ्या अंगावर फेकली.

"ती मेली होती! मी बघितलंय!"

"मेली नव्हती, कल्तूमा."

ती चुलीपाशी खाली बसली. मग म्हणाली, "दोन हाका मारल्या मी. तिसरी मारायला हवी होती." आणि ओक्साबोक्शी रडली. नवरा गेल्याचं सांगतानाही रडली नव्हती. सकाळी तिनं इद्रिसला आंघोळ घातली, मुलींना शेजारणीकडे ठेवलं आणि ट्रकच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. मीही गेलो.

उत्तरेच्या छावणीत सुलाफानं आधी हात बघितला, मग चेहरा. "नूरैन," तिनं हाक मारली. पोरगं कल्तूमाच्या लुगड्यात तोंड लपवून किंचाळत होतं. सुलाफा जवळ आली नाही. लांबूनच म्हणाली, "किती मोठा झालाय."

कल्तूमानं आम्हा दोघांना तडक धान्याच्या कार्डाच्या खिडकीवर नेलं. "याचं नाव माझ्या कार्डावरून काढा आणि हिच्यावर घाला. आई ही आहे," तिनं सांगितलं.

खिडकीतला कारकून आमच्यातलाच होता, वाईट माणूस नव्हता. "खात्री करायला तीन महिने," तो म्हणाला. "तोवर पोरगा दोन्हीकडे नाही. आणि खोटी नोंद केली म्हणून चौकशी होईपर्यंत तुमचं अख्खं कार्ड बंद. मुलींचंसुद्धा."

"चूक माझी आहे, मी बोललो तसं," मी म्हणालो.

"मास्तर, तुमचं नाव कार्डावर नाही."

कल्तूमानं ओठ चावला. मुली तिकडे शेजारणीच्या झोपडीत होत्या. "लिही," ती म्हणाली.

"नका लिहू!" सुलाफानं तिचा हात धरला. "ताई, माझं एकटीचं धान्य पंधरा दिवस पुरत नाही. तीन महिने याला काय घालू? तुमच्याकडे तो जेवतोय. दिसतंय मला."

"मग तू चल माझ्याकडे."

"छावणी सोडली की माझं कार्ड जाईल. तुमच्यातलंच खाऊ का मी? घेऊन जा त्याला. धान्य वाढलं की लिहू."

ट्रक सुटेपर्यंत सुलाफा पोराच्या पायाला हात लावून उभी होती. तेवढं त्यानं करू दिलं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

धान्य वाढलं नाही. हिवाळ्यात धान्य देणाऱ्या संस्थेचा पैसाच आटला आणि नावं बदलणाऱ्या खिडक्या दोन्ही छावण्यांत बंद झाल्या. नावं घालायला आता कुणी नाही, कापायला मात्र येतात. झोपडीझोपडीतून डोकी मोजतात आणि पोरांना विचारतात, आई कोणती, भावंडं किती.

सुलाफा महिन्यातून एकदा ट्रकवर, मिठाच्या पोत्यांवर बसून येते आणि संध्याकाळी परत जाते. परवाही आली होती. इद्रिस आता तिला घाबरत नाही, तिच्या मांडीवर बसून शेंगा खातो. कल्तूमानं त्याची हनुवटी धरून सुलाफाकडे वळवली आणि म्हणाली, "हीसुद्धा आई आहे तुझी. म्हण, आई."

पोरगं हसलं. तोंड उघडणार, तेवढ्यात सुलाफानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको, ताई. मोजणारे आले की विचारतील आणि हा बोलून जाईल." मग तिनं हात काढला, त्याच्या तोंडाला लागलेली शेंगांची फोलपटं पुसली आणि सांगितलं, "मी खाला, तुझी मावशी. म्हण बघू, खाला."

"खाला," तो म्हणाला.

"मोठ्यानं," सुलाफा म्हणाली. "पुन्हा म्हण."