चार कप्प्यांचं जठर

मी सात वर्षांचा होईपर्यंत आमचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं, मेंढरांमागं. वर्षातले आठ महिने शाळेचं तोंड दिसत नव्हतं. पुढं आबांनी, माझ्या वडलांनी, मेंढरं विकून कोऱ्हाळ्याला वाट्यानं शेती धरली. म्हणून मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., बी.एड. मी.

लासुर्ण्याजवळच्या एका शाळेत शिक्षणसेवक होतो. म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी. काम पटलं तर पक्की. तिसरं वर्ष संपत आलं होतं, आणि शिक्षण खात्याचे अधिकारी माझा सातवीचा विज्ञानाचा तास बघायला येणार होते.

मी गट करून शिकवायचो. चौघांचा गट, पचनसंस्थेचे चार भाग, प्रत्येकाला एक. सगळ्या गटांतले जठरवाले एकत्र बसून जठर समजून घेणार, मग आपापल्या गटाला शिकवणार. हेडसरांना हे पटत नव्हतं. "पोरंच शिकवणार, तर तुमी काय नुसती हजेरी घ्यायला?"

आदल्या संध्याकाळी वह्या उघडल्या. बत्तीस वह्या. प्रत्येकीत माणसाच्या जठराला चार कप्पे.

जठरवाल्यांत सारिका होती. घरी शेळ्या. शेळीच्या पोटात चार कप्पे असतात, तसेच माणसाच्या, असं तिनं ठासून सांगितलं. बाकीच्या सातजणांच्या घरीही जनावरं. कुणी पुस्तक उघडलंच नाही. एका तासात चूक वर्गभर. मी तेव्हा गोंगाट आवरत फिरत होतो.

सकाळी परिपाठाआधी आठही जणांना गाठून पुस्तक पुढ्यात ठेवलं. सारिकाचं तोंड उतरलं. ज्याला चुकीचं सांगितलं त्याला स्वतः जाऊन सांगा, एवढंच म्हणालो. दहा मिनिटं होती. त्यात सारिकाच्या गटातली तनुजा अजून आलीच नव्हती.

अधिकाऱ्यांनी नेमकी तिचीच वही उचलली. चार कप्पे तसेच. हेडसर माझ्याकडंच बघत होते.

"हे जठर कुणाचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"शेळीचं, सर." तनुजा शांतपणे म्हणाली. "काल माणसाचं म्हणून काढलं हुतं. माणसाला असलं कप्पं न्हायती. सारिकानं आत्ता दारातच सांगितलं. खोडायला येळ न्हाय मिळाला."

अधिकारी माझ्याकडं वळले. "म्हणजे काल चुकीचं शिकवलं?"

"शिकवलं मुलांनी. तपासलं नाही मी."

त्यांनी आणखी पाचजणांना उठवलं. पाचही जणांचं उत्तर बरोबर आलं. लॉगबुकात त्यांनी दोन ओळी लिहिल्या: पद्धत चालू ठेवावी. जठरवाले गटात परतण्याआधी त्यांची वही शिक्षकानं बघावी.

तेव्हापासून वही बघितल्याशिवाय मी कुणाला गटात सोडत नाही. त्या जूनमध्ये मी कायम झालो.