फकिराचा खोकला

उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत फकिरा रामटेकेनं एकतीस वर्षं एकच काम केलं, सगळ्यांच्या पुढं जायचं. सुरुंग उडाले, धूर निवळला की हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तो आधी आत शिरायचा आणि डोक्यावरचं छत ठोकून कान द्यायचा. टणटणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं की मागच्यांनी आहे तिथंच थांबायचं. त्याच्या कानावर भरवसा ठेवून बाकीचे लोक कामाला लागत. म्हणूनच निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बालाघाटच्या एका संस्थेच्या शीला मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सगळ्यांच्या मागं चालायचं," तेव्हा हे कसलं काम, हेच त्याला कळेना.

ही संस्था शाळेतल्या पोरापोरींना थंडीत चार दिवस जंगलात नेत असे. तंबूत राहायचं, नाला ओलांडायचा, नकाशा बघून वाट शोधायची. रोज एक जण म्होरक्या, आणि वाट त्यानंच ठरवायची. त्यानं पोरं धीट होतात, असं मॅडमचं म्हणणं.

"अन् चुकले तर?" फकिरानं विचारलं.

"चुकू द्यायचं. जिवाले धोका असला तरच बोलायचं."

"म्हणजे रस्ता मले माहीत, अन् मी सांगायचा नाही?"

"हौ काका. तेच तर काम आहे."

फकिरानं हौ म्हटलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. बायको गोदाबाईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाले चूप ठेवते म्हणजे बाई लय हुशार दिसते."

नऊ पोरं होती. त्यात बालाघाटचा अंकित, तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू आणि तोही हिंदीत. आणि कटंगीकडच्या एका खेड्यातली पौर्णिमा, दहावीतली. तिचा आवाज इतका बारीक की हजेरीला ती 'हजर' म्हणाली की शेजारची पोरगी तिच्या वतीनं पुन्हा म्हणायची.

पहिले दोन दिवस फकिरा चकितच झाला. वाट फुटली की पोरं थांबायची, नकाशा उलटासुलटा करायची, एका वाटेवर चार पावलं टाकायची. चुकीची असली तर आपणच मागं यायची आणि दुसरी धरायची. एकदाही फसली नाहीत. संध्याकाळी तंबूवर हे ऐकून मॅडम भलत्याच खूश झाल्या. फकिराला वाटलं, आजकालची पोरं पोटातूनच शिकून येतात की काय.

तिसऱ्या दिवशी नाल्यावर बाटल्या भरताना पौर्णिमा त्याच्याजवळ येऊन बसली.

"काका, उद्या म्होरक्या व्हायचा माहा नंबर आहे. तुमी खोकलाल ना?"

"म्हणजे?"

"वाट चुकली की तुमी खोकलता. अंकितनं पयल्याच दिवशी सगळ्यायले सांगितलं."

फकिराच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली. बिडी सोडून बारा वर्षं झाली होती, खोकला तेवढा राहिला होता. काळजी वाटली की घसा खवखवायचा, हे गोदाबाईला माहीत होतं. त्याला स्वतःला कधी जाणवलं नव्हतं. म्हणजे दोन दिवस तो तोंडातून शब्द न काढता सगळं सांगत होता. मग ही पोरं हुशार म्हणायची की लबाड? आणि तो स्वतः कोण? मॅडमना सांगावं तर पोरांवर ठपका, न सांगावं तर आपण खोटे. विचार करून करून त्याचं डोकं गरगरलं.

त्यात त्याला रजत आठवला. त्याचा एकुलता एक मुलगा, नागपूरला मोटारीच्या कारखान्यात. तीस वर्षांचा बाप्या, पण चप्पल घ्यायची तरी फोन करायचा, "बाबा, कोणती घेऊ?" फकिराला याचं फार कौतुक होतं. पोरगा विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. लहानपणी बाजाराला जाताना त्यानं रजतला एकदाही पुढं चालू दिलं नव्हतं. आज ते आठवून त्याला चक्क लाज वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं खोकला दाबायला बेहड्याच्या सालीचा मोठा तुकडा गालात धरला. पौर्णिमाला सांगावं की नाही, हे काही ठरलं नाही. म्हणून सांगितलं नाही.

चार वाजेपर्यंत बैहर रोड गाठायचा होता. तिथं गाडी येणार होती. दुपारी वाट फुटली. डावी बांबूत चढत होती, उजवी नाल्याच्या अंगानं खाली जात होती. पौर्णिमानं डावीवर चार पावलं टाकली आणि ती थांबली. नऊच्या नऊ जणांचे कान मागं. फकिराचा घसा असा खवखवला की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं सालीचा तुरट रस गिळला. कुणीच खोकललं नाही, आणि सगळे खुशाल डावीकडं चालू लागले.

खाणीच्या छताखाली इतकी वर्षं काढली, पण असा जीव टांगणीला लागला नव्हता. जिवाला धोका तर नव्हता. नुसता उशीर होणार, मग अंकित हसणार, बाकीचे हसणार, आणि ही पोरगी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. हा धोका जिवाचा धरायचा की नाही? मॅडमनी ते सांगितलंच नव्हतं. अर्धा तास तो त्याच विचारात ठेचकाळत राहिला.

मग पौर्णिमा थांबली. तिनं मागं वळून फकिराकडं पाहिलं. फकिरानं मान खाली घालून आपले बूट पाहिले. ती डोळे मिटून कान देत उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. अंकित पुढं जातच होता.

"थांबा म्हटलं ना." या वेळी झाडावरची पाखरंसुद्धा उडाली. "मी चुकली. नकाशात नाला आपल्या वाटेच्या बाजूनं जाते. कितीक वेळ झाला, पाण्याचा आवाजच नाही. मागं फिरा."

"पर काका तो खाँसे ही नहीं," अंकित म्हणाला.

"नसतील खोकलले. पाणी तिकडंच आहे."

सगळे मागं फिरले, आणि शेवटचा फकिरा आपोआप पहिला झाला. नऊ तोंडं त्याच्याकडं बघत उभी. त्याचे पाय सवयीनं निघालेसुद्धा, दोन पावलं पडली. मग त्यानं स्वतःला आवरलं आणि वाट सोडून गवतात उतरला.

"जा बाई, पुढं जा," तो म्हणाला.

फाट्याशी येईपर्यंत गालातली साल संपली. पौर्णिमा उजवीकडं वळली आणि नेमका त्याच वेळी फकिराला खोकला आला, साचून राहिलेला, कमरेत वाकवणारा. एकानंही मागं वळून पाहिलं नाही. सगळे तिच्या पाठीमागं खाली उतरत होते. बरं वाटावं की वाईट, हे त्याला समजेना.

रस्ता गाठायला पावणेपाच झाले. पोरं गाडीत चढत होती तेवढ्यात फोन वाजला. रजत.

"बाबा, भंडाऱ्याले दुसरी नोकरी भेटून राह्यली. जाऊ का नको?"

जाऊ नको, हे उत्तर फकिराच्या जिभेवर तयार होतं.

"तुले काय वाटते?" त्यानं विचारलं.

घसा पुन्हा खवखवू लागला. फकिरानं फोन कानाशी धरला, दुसरा हात तोंडावर घट्ट दाबला, आणि तो तसाच रस्त्याच्या कडेला रजतच्या उत्तरासाठी थांबून राहिला.