चालू माग, बंद माग

लढाईच्या दिवसांत सरकारला अचानक आमच्या गल्लीतल्या सुताची फार काळजी वाटू लागली. सूत कंट्रोलमध्ये गेले आणि पुरवठा कचेरीच्या फाटकावर इंग्रजी नोटिसा लागू लागल्या. ज्यांना सूत हवे त्यांच्यातल्या एकालाही इंग्रजी येत नव्हते, पण त्याने कचेरीचे काही अडत नव्हते.

आमच्या शेजारी कोष्ट्यांच्या मावशी राहत. नवरा गेल्यापासून माग त्याच चालवीत. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून नोटीस वाचून दाखवायला त्या मला घेऊन गेल्या. सूत फक्त चालू मागाला मिळेल, असे तिच्यात होते.

फाटकातल्या कारकुनाकडे बोट दाखवून मावशी म्हणाल्या, "सूतच नाही त माग चालन कशानं? विचार नं वं त्याले."

मी विचारले नाही. अनोळखी माणसासमोर माझा आवाज निघत नाही.

घरातले शिल्लक सूत जोडजाडून मावशींनी मागावर कसाबसा ताना, म्हणजे उभे धागे, चढवला. इन्स्पेक्टर तपासणीला आला तो नेमका अमावास्येला. त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी मागाला हात लावत नाही. आधी मागाची पूजा होते, मग सगळे पायरीवर बसून सुपारी कातरतात. इन्स्पेक्टर मराठीच होता, तरी हॅट काढत नव्हता आणि इंग्रजी सोडत नव्हता. मावशींनी मला पुढे ढकलले. आज अमावास्या आहे, एवढे एकच वाक्य मी इंग्रजीत बोलले. तो हसून म्हणाला, "कचेरीला अमावास्या नसते." त्याने 'बंद' असा शेरा लिहिला. ताना त्याच्या डोळ्यांसमोर होता. मागावर वाहिलेले फूलही त्याला दिसले असणार.

मावशींनी कामठीच्या बहिणीकडून आडव्याचे सूत मागून आणले आणि लुगडे विणायला घेतले. ते अर्धे होते न होते, तोच नियम फिरला. आता म्हणे बंद मागांना आधी सूत, म्हणजे ते पुन्हा सुरू होतील. कोणाच्या तरी मोठ्या डोक्यातून हे निघाले असावे. ते डोके कधी आमच्या गल्लीत आले नव्हते, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तोच इन्स्पेक्टर पुन्हा आला. माग खटखटत होता. त्याचा चेहरा पडला. कागदावर बंद लिहिलेला माग चालू सापडणे, ही मावशींनी केलेली फसवणूकच आहे असे त्याला वाटत होते. मग आपण मोठी मेहरबानी करतो आहोत अशा सुरात तो चक्क मराठीत म्हणाला, "हे कापून काढा. माग रिकामा करा. मी उद्या येतो, बंद लिहितो, सूत मिळेल."

"अर्धं लुगडं कापू?" मावशींचा हात थांबला नाही. "काहून गा साहेब, तुमच्या घरी अर्धी भाकर तव्यावरून फेकतेत का?"

"नियम आहे, बाई."

"मागच्या बारीलेही नियमच होता. तवा माग चालू पायजे होता, आता बंद पायजे. पुढच्या बारीले काय, उलटा टांगू?"

गंमत बघायला पायरीवर जमलेल्या बाया हसल्या. त्याने माझ्याकडे पाहिले आणि इंग्रजीत म्हणाला, "या अडाणी बाईला समजावून सांगा."

तो दारात उभा होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या मावशींच्या मागावर त्याची सावली पडली होती, आणि धोटा फेकताना त्या डोळे बारीक करत होत्या.

"त्याले म्हण, उजेड सोड," त्या म्हणाल्या.

मी ते इंग्रजीत सांगितले. शाळेत शिकवलेल्या सगळ्या अदबीने, एकेक शब्द स्वच्छ उच्चारून. माझा आवाज अजिबात कापला नाही.

तो बाजूला झाला. सरकारचे सूत मावशींना मिळाले नाही, आणि त्यांनी ते पुन्हा मागितलेही नाही. लुगडे मात्र पुरे झाले.