हिरव्या झोनमधली गच्ची

मंडळी, ड्रोनच्या नियमांवर मी इथे किती चिडचिड केली आहे, तुम्हाला माहीत आहे. माझं घर लष्कराच्या हद्दीजवळ, म्हणून ड्रोनच्या सरकारी नकाशात लाल, म्हणजे उडवायला मनाई. हौसेचा छोटासा ड्रोन उडवायला थेट विंचूरकडे जावं लागतं.

आज सकाळीही गेलो. तिथे हिरवा झोन, परवानगीची भानगड नाही. मजेत उडवत होतो, तेवढ्यात स्क्रीनवर एक गच्ची दिसली. चार-पाच बायका साड्या खोचून कुरडया घालत होत्या. आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं, पदर ओढले आणि पातेल्यातला चीक तसाच टाकून खाली निघून गेल्या.

मला कसंतरीच झालं. ड्रोन उतरवून माफी मागायला गेलो. त्यांच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "उडव की भाऊ, आमचं काय नाय. पण कौलं चाळायला माणूस चढला तरी आधी 'वर येतोय' म्हणून हाळी देतो. तू तर नुसता येऊन डोक्यावर उभा राहिला."

नियम जाचक आहेत, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण हाळी द्यायची, हेसुद्धा मला सरकारनेच सांगायला हवं होतं का?